खुंटाला बांधलेला दोर

२९ नोव्हेंबर १९२९, शुक्रवार

आलो बुवा एकदाचा! दाभोळहून मुंबई, मुंबईहून नागपूर, नागपूरहून गोंदिया, आणि गोंदियाहून त्या खेळण्यातल्या छोट्या आगगाडीनं अर्जुनी. शेवटचे अकरा मैल रेंगीतून. बैल असे पळाले की पोटातला चहा कानापर्यंत आला. बोटीवर वीस वर्षं काढली, कधी उलटी झाली नाही. ती इथे भातशेतांच्या मधोमध झाली. गाडीवान लाजेनं दुसरीकडे पाहत होता.

समुद्र सोडून तळ्यावर नोकरी धरली म्हणून गावात सगळे हसले. पण आज तळं पाहिलं. चार मैल लांब. तिन्ही बाजूंनी साग, मोह, बांबू थेट पाण्यात उतरलेले, जंगलात शिरलेल्या खाड्याच खाड्या, लांबवर प्रतापगडचा डोंगर. चौथ्या बाजूला मातीचा बांध, त्याला इथे पाळ म्हणतात. ती इथल्या कोहळी लोकांच्या वाडवडलांनी घातली, इंजिनियर नाही की नकाशा नाही. मनात म्हटलं, शिवा खडपे, टोपी काढ.

आणि आमची ‘मैना’! पंचेचाळीस फुटी वाफेची बोट. कलकत्त्याहून तुकडे करून आणली आणि इथे पाळीवर जोडली. चार खोल्या, पितळी कठडे, मखमली गाद्या, ग्रामोफोन, नागपूरहून भुशात बर्फ येईल त्याची पेटी. जमीनदार बाबूसाहेबांची हौस. पाहुण्यांना तीन दिवसांची सफर घडवायची: पहिला दिवस जंगलाच्या काठाकाठानं, दुसरा दिवस नहरीतून, तिसरा पलीकडच्या तळ्यावर बदकांची शिकार. नहर म्हणजे या तळ्यातून त्या तळ्यात जाणारा चार मैलांचा कालवा, दोन्हीकडे नुसतं रान. पहिली सफर २३ डिसेंबरला. मी तांडेल, म्हणजे बोट माझी. राहायला शेडमागे दोन खोल्या दिल्या आहेत. संक्रांतीनंतर बायकोला, जनीला, आणीन म्हणतो.

३ डिसेंबर, मंगळवार

माणसांची ओळख झाली. कारभारी श्यामलाल गोंदियाचे, निम्मं हिंदी बोलतात आणि उरलेलं निम्मं ओरडतात. बॉयलर पेटवायला भैय्यालाल आहे, पूर्वी रेल्वेत आगवाला होता, हात चांगला आहे.

पण दोस्ती जमली ती चैतरामशी. हा गावचा पाणकर, म्हणजे तळ्याचं पाणी शेतांना सोडणारा आणि बंद करणारा. तिशीचा गडी, बोलणं सरळसोट. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, “समुद्र सोडून इथं काऊन आले जी? तिथं पानी कमी पडलं का?” मी म्हटलं, खारट होतं. तेव्हापासून तो मला खारे तांडेल म्हणतो.

आज त्याच्या घरी जेवलो. बायको जमुनाबाई कमी बोलतात, वाढतात मात्र भरपूर. भात, लाखोळीची डाळ, तळ्यातली मासळी. नारळ नसलेली मासळी मला गोड लागली हे जनीला कळवायचं नाही. जमुनाबाईंना सहावा महिना आहे. चैतराम सारखा त्यांच्या हातातून पाण्याची घागर काढून घेत होता.

९ डिसेंबर, सोमवार

बोट चालवून पाहिली. लोण्यातून सुरी जावी तशी चालते. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, मी पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे. कोळसा-पाणी भरून पाणी बरोब्बर त्या रेघेला लागतं. रोज सकाळी पाहून इथे लिहीत जाईन. आज रेघेवर.

अडचण एकच. नहरीत बोट जायला तळ्याचं पाणी एका पातळीच्या वर हवं, आणि ते रोज उतरतं आहे. कारण पाळीतलं तुडूम. तुडूम म्हणजे पाण्यात उभी पायऱ्यापायऱ्यांची विटांची विहीर. प्रत्येक पायरीला एक भोक, भोकाला लाकडी दट्ट्या. पाणी उतरेल तसा खालचा दट्ट्या काढायचा. सर्वांत खालचा कुजला आहे, तिथून पाणी गळतं. चैतराम म्हणतो, बुडी मारून नवा ठोकून देतो, अर्ध्या घटकेचं काम.

१२ डिसेंबर, गुरुवार

पाणी आणखी चार बोटं उतरलं. चैतराम थांबायला सांगतो. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोर असतो आणि तो दोर त्याचा काका उदाराम धरतो. नेहमी तोच धरतो. एक हिसका म्हणजे पोचलो, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे ओढ. उदाराम लेकीच्या गावाला गेला आहे, रविवारी येईल.

श्यामलालनी ऐकून घेतलं नाही. पाहुणे ठरले आहेत, साहेब येणार आहेत, पाणी उतरलं तर तुझी नोकरी उतरेल, असं मला चारचौघांत सुनावलं. राग आला. पण खरं सांगायचं तर मलाही घाई आहेच. उद्या सकाळी काम उरकून टाकू.

१३ डिसेंबर, शुक्रवार

चैतराम गेला.

जसं झालं तसं लिहितो. बोट तुडुमाजवळ उभी केली. चैतराम नऊ वाव लांबीचा अंबाडीचा दोर घेऊन आला, कमरेला बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मी ते बोटीच्या लोखंडी खुंटाला बांधलं. त्यानं मान हलवली. “नाही जी. दोर मानसाच्या हातात पायजे. बांधाचा नसते.” मी हसलो. समुद्रावर आम्ही सगळं बांधतो. हात घसरतो, हात दमतो, गाठ दमत नाही. असंच मी त्याला म्हणालो. मी तांडेल, तो पाणकर. त्यानं ऐकलं आणि बरोबर अकरा वाजता उडी मारली.

तेवढ्यात भैय्यालालनं बॉयलरपाशी बोलावलं. मी गेलो. दोन मिनिटं, फार तर तीन.

परत आलो तर दोर सैल होता. ओढला. सगळा वर आला. कमरेचा फास जसाच्या तसा, गाठ घट्ट, आत माणूस नाही.

त्यानं किती हिसके दिले असतील? खुंटाला काय कळणार.

१४ डिसेंबर, शनिवार

ढिवरांनी दिवसभर जाळी टाकली. काही नाही. दट्ट्या मात्र पक्का बसला आहे; गळती थांबली. श्यामलाल म्हणाले, बेचारा, काम तो कर गया.

रेघ बोटभर पाण्याखाली. तळाशी पाणी साठतं ते बिल्ज कोरडं. कोळसा तेवढाच.

१६ डिसेंबर, सोमवार

बुडालेला माणूस तिसऱ्या दिवशी वर येतो, समुद्रात असो की तळ्यात. हा आला नाही.

जमुनाबाई पाळीवर बसून आहेत. बांगड्या फोडू देत नाहीत. रडतही नाहीत. मी जाऊन पाया पडलो. त्या एवढंच म्हणाल्या, “तुमी बांधला. मी असती त हातात धरला असता.” मी तसाच मागे फिरलो, आणि शेडमागे जाऊन पोटभर रडलो.

सकाळी अकरा वाजता मी बोटीवर एकटा होतो. बोट त्या खुंटाच्या बाजूला तीनदा खाली दबली. एक. दोन. तीन. पाणी काचेसारखं स्थिर होतं. खुंटाला दोर नव्हता. दोर बोटीवरच्या माझ्या पेटीत आहे.

रेघ दोन बोटं खाली.

१७ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा. अकरा वाजता. तीन हिसके. भैय्यालालच्या हातातला पाना खाली पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

१८ डिसेंबर, बुधवार

उदारामकडे गेलो. म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या नाहीत, त्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं सगळं समजावून सांगितलं. ज्याच्या हातात दोर, त्याच्या अंगावर खालचा माणूस. त्यानंच तो वर घ्यायचा. मेला असला तरी त्याला दोरानंच वर बोलवावं लागतं. मगच तो सुटतो आणि धरणाराही सुटतो. चैतरामचा दोर बोटीनं धरला. आता तो बोटीला ओढतो आहे. “बोट तळ्यात हाय तवरक ढील हाय. नहरात नेली का दोर ताणते. नोको नेऊ.”

मी विचारलं, सुटका कशी? तो म्हणाला, बोटीचा दोर एखाद्या माणसानं आपल्या हातात मागून घ्यायचा. फास पाण्यात सोडायचा, नाव घेऊन हाक मारायची, आणि बसायचं. तो वर आला तर आला. नाही आला तर धरणारा खाली जातो. मधे सोडून देता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोहळ्यांनी दोर धरले, पण मागून घेणारा त्यानं एकही पाहिला नाही.

मी पेटीपर्यंत गेलो. दोर बाहेर काढला. अजून ओला आहे, पाच दिवस झाले तरी. हात लावला आणि परत ठेवून दिला. मला भीती वाटते. लिहून टाकलं. मला फार भीती वाटते.

रेघ चार बोटं खाली.

२१ डिसेंबर, शनिवार

श्यामलालना सांगितलं. रेघ दाखवली. ते म्हणाले, “देखो तांडेल, मेरे को कहानी नहीं चाहिए.” रेघच चुकीच्या जागी मारली असेल म्हणे. माझी रेघ! पळून जावं असं मनात आलं. पण मी गेलो तर भैय्यालाल बोट नेईल, आणि त्याला तर हेही माहीत नाही की नहरीत न्यायची नसते. त्याला सांगितलं. तो म्हणाला, घरी चार तोंडं आहेत तांडेलजी, मी नेईन.

पाच बोटं.

२३ डिसेंबर, सोमवार

पाहुणे आले. अकरा जण. जबलपूरचे साहेब, मड्डम, त्यांच्या दोन मुली. नागपूरचे बॅरिस्टर, त्यांची बायको, म्हातारी आई. बाकी शिकारी मित्र. बर्फ, केक, बंदुका, ग्रामोफोन. धाकटी मुलगी सहा वर्षांची असेल. नाळेवर येऊन मला पक्ष्यांची नावं विचारत होती. मला समुद्राचे पक्षी ठाऊक, इथले नाहीत. मी सगळ्यांना बदक म्हणालो.

अकरा वाजता ग्रामोफोनची सुई तीनदा उडाली. सगळे हसले. जंगलाच्या काठानं फिरलो, मोर दिसले, पाहुणे खूश.

एवढं वजन धरूनही हिशेब लागत नाही. नऊ बोटं. कठडा आणि पाणी यांच्यात हातभर जागा उरली आहे.

उद्या नहर. श्यामलालच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागे घेतले.

२४ डिसेंबर, मंगळवार

सकाळी साडेनऊ — नहरीत शिरलो. वाफ पूर्ण दिली आहे आणि बोट बैलाच्या चालीनं चालते आहे. दोन्ही काठ उभे, वर बांबू एकमेकांत मिसळलेले. पाहुण्यांना गंमत वाटते.

दहा — मागची बाजू पाण्याला टेकत आली, तरी बिल्ज कोरडं. खुंटाच्या बाजूनं बोट कलली आहे. खुंट तापला आहे. दोर नाही आणि लोखंडावर दोराचा चर पडतो आहे, माझ्या डोळ्यांदेखत.

पावणेअकरा — बोट थांबली. यंत्र चालू, पाण्यातला पंखा फिरतो, बोट मागे सरकते. श्यामलाल आता ओरडत नाहीत. साहेबांना म्हटलं काठावर उतरा. काठ दोन माणसं उंच, ओली माती, म्हातारीला कोण चढवणार? एक शिकारी चढायला गेला, मातीसकट खाली आला. पाणी कठड्याला लागलं. मुली रडतात. धाकटी माझा सदरा धरून आहे.

आणखी थांबलो तर सगळे —

पेटी उघडली. दोर घेतला. भैय्यालालला सांगितलं, बोट हलकी झाली की मागे वळून पाहू नकोस, पुढे काढ. मुळ्या धरधरून मी काठावर चढलो, कसा चढलो ठाऊक नाही. फास पाण्यात सोडला. टोक हाताला दोन वेढे देऊन धरलं. ओरडलो — चैतराम! बोटीनं नाही, मी धरला आहे. शिवा खडप्यानं धरला आहे. माझ्या हातात दे.

दोर ताणला.

बोट वर आली. देवाशपथ, बूच वर यावं तशी वर आली! पांढरी रेघ दिसली. भैय्यालालनं शिटी दिली आणि मैना पुढे गेली. धाकटी मुलगी मागे उभी राहून माझ्याकडे पाहत होती. वळणापर्यंत दिसली.

अकरा वाजले असतील.

दुपार — वही खिशात होती. डाव्या हाताला दोर, उजव्यानं लिहितो. एका बांबूच्या बेटाला पाय लावून बसलो आहे. ओढतो आहे. येतो आहे दोर, हळूहळू, जड. भरलेली जाळी यावी तसा. चैतराम, चल बाबा. घरी चल. जमुनाबाई वाट पाहतात.

आठ वाव आला. नऊ आला. फास यायला हवा होता.

आला नाही. दोरच येतो आहे.

नंतर — चाळीस वाव. माझ्यामागे दोराचं वेटोळं कमरेइतकं झालं. दोर तोच, अंबाडीचा तोच पीळ. हाताची सालं निघाली. थांबलो की तो आत जातो, मी ओढतो त्याच्या दुप्पट जातो. वेटोळं संपत आलं. पुन्हा ओढतो.

खाली कुणीतरी आहे. हात बदलतो ते कळतं. माणूस ओढतो तसंच ओढतो आहे. दमतो, थांबतो, पुन्हा.

रागानं नाही. तो काही रागानं ओढत नाही. त्याला फक्त वर यायचं आहे.

ऊन कलतं — जमुनाबाई आल्या. पाळीवरून चालत, नहरीच्या काठाकाठानं, एकट्या, त्या पोटासकट. कोणी सांगितलं? त्या म्हणाल्या कोणी नाही. दोर पाहिला आणि माझ्याजवळ बसल्या. मी म्हटलं बाई जा. म्हटलं पोटातल्याचा विचार करा. त्या पाण्याकडे पाहतात.

पाय बेटातून सुटला. मातीसकट काठावरून थेट खाली घसरलो. आता पाय पाण्यात. पाणी कोमट आहे, डिसेंबरात.

जनी, ही वही तुला मिळाली तर — इथे येऊ नकोस. खोल्या चांगल्या आहेत, पण येऊ नकोस. मी एक माणूस बांधून सोडला, त्याचं हे आहे, दुसऱ्या कोणाचा दोष नाही. श्यामलालचाही नाही, माझाच.

पाणी कमरेला. पाण्यात चेहरा दिसतो. डोळे उघडे. तोंड हलतं आहे. तो माझं नाव घेत नाही, तो — तिचं घेतो आहे.

त्यांनीही ऐकलं. उठल्या. म्हणतात, “द्या जी इकडं. माझा मानूस हाय.” नको बाई. धरला की सोडता येत नाही. दोघं जाल, तिघं जाल. मी आहे ना, माझ्यात अजून जोर आहे, मागे व्हा — मागे व्हा म्हणतो — ऐकत नाहीत, कासोटा खोचला, काठावरून घसरत पाण्यात उतरल्या, त्यांनी माझ्या हाताच्या पुढे दोराला हात —